जमिनीला कान

डॉक्टरांनी उभ्या आयुष्यात एकाही माणसाला तपासलं नव्हतं. ते पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधायचे. डोक्याला हेडफोन, हातात लांब दांडीचा माइक. दर दहा पावलांवर थांबायचं, माइक रस्त्याला टेकवायचा, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, रस्त्याला ताप आलाय. त्यावरून खात्यातल्या कुणीतरी चेष्टेत डॉक्टर म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव त्यांना असं चिकटलं की खऱ्या नावाने हाक मारली तर ते मागे वळूनही बघायचे नाहीत.

त्यांच्या वडिलांना सगळे काठीवाले म्हणायचे. त्यांच्या काळी हेडफोन नव्हते. छातीपर्यंत पोचेल एवढी लाकडी काठी आणि तिच्या वरच्या टोकाला कानावर बसेल अशी लाकडाचीच वाटी, एवढंच सामान. खालचं टोक पाइपावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि पाणी कुठून पळ काढतंय ते ओळखायचं. आता काठीवाले चौऱ्याऐंशी वर्षांचे होते, दोन्ही कानांनी ठार बहिरे, आणि त्याचं त्यांना काडीचंही दुःख नव्हतं. ऐकण्यासारखं होतं ते सगळं ऐकून झालं, असं ते सांगायचे, आणि समोरचा काय उत्तर देतो याची वाट बघायचे नाहीत.

तिसऱ्या पिढीत छोटी. छोटी सत्तावीस वर्षांची होती आणि वडिलांपेक्षा चार बोटं उंच, पण घरात एकदा पडलेलं नाव उंची बघून बदलत नाही. ती शिकून इंजिनिअर झाली, दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, की गळती ऐकणारं यंत्र मी बनवणार आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचं. त्याला हजारो आवाज ऐकवायचे, यातल्या कुठल्या जागी पाणी गळतंय आणि कुठल्या जागी नाही ते सांगायचं, म्हणजे ते हळूहळू आपलं आपण ओळखायला शिकतं. डॉक्टरांनी विचारलं, त्याला सांगणार कोण? छोटी म्हणाली, तुम्ही.

मग दोन वर्षं बापलेकीची वरात शहरभर फिरली. पहाटे रस्ते शांत असताना निघायचं. डॉक्टर वाकून ऐकायचे आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ म्हणायचे, छोटी मागे रेकॉर्डर घेऊन खूण करायची. असे नऊ हजार आवाज गोळा झाले. ते सगळे तिने चपलांच्या खोक्याएवढ्या एका करड्या डब्यात भरले. डब्याला दोन दिवे होते: गळती असली की लाल, नसली की हिरवा. खात्री नसली तर दोन्ही लागायचे, ही छोटीने मुद्दाम ठेवलेली सोय. ती रात्रंदिवस त्या डब्यापाशी बसलेली असे, म्हणून काठीवाल्यांनी त्याचं नाव जावई ठेवलं. जावई काही खात नाही, पीत नाही आणि रुसत नाही, तेव्हा यापेक्षा बरा मिळणार नाही, असंही त्यांनी जाहीर केलं.

घरी याच आवाजांतून परीक्षा घेतली की जावईबापू शंभरातले सत्त्याण्णव बरोबर सांगायचे. तेव्हा खात्याच्या मोठ्या मॅडमनी शनिवारची तारीख दिली. एका बंद केलेल्या गल्लीत डबा चाळीस जागी ठेवायचा. खात्याने तिथे मुद्दाम काही सांधे सैल करून ठेवलेले असतील, ते त्याने शोधायचे. शोधले तर सगळ्या शहराचं काम छोटीच्या डब्याला. नाही शोधले तर खातं बाहेरच्या कंपनीचं तयार यंत्र घेणार, आणि दोन वर्षांची मेहनत माळ्यावर जाणार. छोटीला झोप येईना. डॉक्टरांनाही येईना, पण त्यांचं कारण जरा वेगळं होतं.

गेलं वर्षभर त्यांना बारीक आवाज येत नव्हते. मोठी गळती ऐकू यायची, पण केसाएवढ्या भेगेतून निघणारी ती सुईसारखी शीळ, जिच्यावर त्यांनी नाव कमावलं होतं, ती कधी यायची, कधी यायचीच नाही. हे फक्त बायकोला माहीत होतं. निवृत्तीला आठ महिने उरले होते. आपल्यानंतर या घरात जमिनीला कान लावणारं कुणी नाही, लावणार तो एक करडा डबा, हा विचार त्यांना गिळवत नव्हता. डबा आपल्या पोरीचाच, म्हणून बोलताही येत नव्हतं. डबा जिंकावा असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि तो जिंकला की आपलं काय, असंही तितक्याच मनापासून वाटायचं.

शनिवारच्या आधीच्या रविवारी रंगीत तालीम झाली. घरासमोरच्याच गल्लीत. छोटी म्हणाली, आज आपण कुणीही डब्याजवळ थांबायचं नाही, त्याला एकट्याला काम करू दे. पहिल्या जागी डबा ठेवून दोघं घराच्या पायरीवर येऊन बसली. लाल दिवा लागला. दुसऱ्या जागी लाल. तिसऱ्या जागी लाल. चौदाच्या चौदा जागी लाल. डॉक्टर या गल्लीचा पाइप स्वतःच्या हाताच्या रेषांसारखा ओळखत होते, त्यात एक थेंब गळत नव्हता. छोटीने डबा शेजाऱ्यांच्या कोरड्या ओट्यावर ठेवला, तरी लाल. मग तिसऱ्या मजल्यावर नेऊन कपड्यांच्या कपाटावर ठेवला. जावईबापूंच्या मते कपाटसुद्धा गळत होतं.

छोटीच्या तोंडचं पाणी पळालं. ती कपाटासमोर फतकल मारून बसली आणि गप्प झाली. तिला लहानपणापासून रडू आलं की ती अशीच गप्प व्हायची, आणि डॉक्टरांना ते कधीच बघवायचं नाही. ते तरातरा उठले, डबा टेबलावर आणला आणि त्याच्यावर वाकून त्याला चांगलं फैलावर घेतलं. हिरवा दिवा लागला. डॉक्टर चपापून सरळ झाले, तर लाल. पुन्हा वाकले, हिरवा. सरळ झाले, लाल.

त्यांची बायको तलावावर पोहायला शिकवायची. ती कामावरून ओले केस पुसत घरात शिरली, तेव्हा तिचा नवरा टेबलापुढे उठाबशा काढल्यासारखा खालीवर होत होता आणि मुलगी तोंडाचा आ करून बघत होती. तिने शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला अडकवली आणि काय चाललंय ते सगळं ऐकून घेतलं. मग एक गळतीचा आवाज लाव, असं छोटीला सांगितलं. आवाज लागला. डॉक्टर आणि छोटी दोघंही सवयीने कान देऊन ऐकू लागले. बाई डब्याकडे बघतच नव्हती. ती या दोघांकडे बघत होती.

“तुम्ही श्वास धरलाय,” ती म्हणाली. “दोघांनीही.”

डॉक्टरांनी भसकन श्वास सोडला.

“पाणी ऐकू आलं की तुम्ही श्वास धरता. लग्न झाल्यापासून बघतेय. आणि हीसुद्धा धरते, चार वर्षांची असल्यापासून. तलावात तीस-तीस पोरांना श्वास धरायला शिकवताना मला घाम फुटतो, आणि घरात तुमचं हे फुकट चाललेलं असतं.”

छोटी एकदम उठून उभी राहिली. तिने भराभर जुने आवाज लावले. या वेळी पाण्याकडे लक्ष न देता नुसता श्वास ऐकत राहिली. ‘नाही’च्या प्रत्येक आवाजात, खूप खोलवर, डॉक्टरांचा श्वास होता: आत, बाहेर, आत, बाहेर, वाकलेल्या माणसाचा जरासा जड. ‘आहे’च्या एकाही आवाजात तो नव्हता. नऊ हजार आवाजांमधून जावई पाणी ओळखायला शिकलाच नव्हता. तो डॉक्टरांचा श्वास ओळखायला शिकला होता. श्वास असला की गळती नाही, श्वास थांबला की गळती आहे. आणि जिथे डॉक्टरच नाहीत तिथे श्वास कुठून येणार, म्हणून कपाटसुद्धा गळकं. बापलेकीला हे दोन वर्षांत कळलं नाही, कारण पाणी ऐकू आलं की दोघंही स्वतःच श्वास धरून बसायची, आणि आवाजातही श्वास नाही हे त्यांना खटकायचंच नाही.

हसू आधी कुणाला फुटलं ते सांगता येणार नाही. डॉक्टर खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. छोटी हसता हसता थोडी रडली आणि पुन्हा हसली. काठीवाले आतल्या खोलीतून येऊन काय झालं म्हणून विचारू लागले, तेव्हा त्यांना कागदावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून दाखवावं लागलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांना यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. श्वास घेत घेत पाणी ऐकू येतं का कुणाला, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना नोकरीचा पहिला दिवस आठवला. काठीच्या वाटीला कान लावला होता, काही कळत नव्हतं, आणि वडिलांनी सगळ्या माणसांसमोर त्यांचं नाक चिमटीत धरलं होतं. मग त्या शांततेत पहिल्यांदा, खूप खालून, पाणी ऐकू आलं होतं.

पण हसून डबा सुधारत नव्हता आणि शनिवार सहा दिवसांवर होता. डॉक्टर म्हणाले, सोपं आहे, मी आता पाणी ऐकतानाही श्वास घेत राहतो. सोमवारी पहाटे ते त्यासाठी बायकोलाही बरोबर घेऊन गेले. ती शेजारी उभी राहून तलावावरच्यासारखं ‘घ्या, सोडा, घ्या, सोडा’ करत होती, दूधवाला सायकल थांबवून बघत होता, आणि पाण्याचा आवाज कानाला लागला की डॉक्टरांची छाती आपोआप थांबायची. चाळीस वर्षांची सवय एका सकाळी जाणार नव्हती. सातव्या जागी त्यांना ठसका लागला, तेव्हा बायकोनेच हात टेकले.

शेवटी छोटीने दुसरा मार्ग काढला. डब्याला माणूस जवळ नसतानाचे आवाज हवेत. तेव्हा डबा जागेवर ठेवायचा, वीस पावलं लांब जायचं, आणि तो जे ऐकेल त्यावर ‘आहे’ किंवा ‘नाही’ची खूण करायची. पण जिथे गळती आहे अशी खात्री आहे, त्या जागा चार दिवसांत कुठून आणायच्या? खातं तर सापडलेली गळती बुजवून टाकतं.

तेव्हा डॉक्टर कामाला आले. सगळ्या गळत्या खातं बुजवत नव्हतं. जिथे चमचाभर पाणी जातं तिथे ‘पुढच्या वर्षी बघू’ असा शेरा पडायचा, आणि अशा सगळ्या जागा डॉक्टरांच्या डोक्यात होत्या. शाळेच्या फाटकाखाली एक. छापखान्याच्या कोपऱ्यावर दोन. दवाखान्याच्या मागे, झाकणाला तडा गेलाय तिथे एक. न गळणाऱ्या जागा तर विचारायलाच नकोत. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की या शहराखाली पाइपांचं दुसरं एक शहर आहे आणि त्यातल्या सगळ्या गल्ल्या आपल्याला पाठ आहेत. ते सांगत गेले आणि छोटी त्यांच्याकडे अशा नजरेने बघत राहिली, की डॉक्टरांना स्वतःबद्दलच आदर वाटायला लागला.

चार पहाटे ती दोघं धावली. डॉक्टर जागा दाखवायचे, ‘इथे आहे’ म्हणायचे, आणि मग वीस पावलं चालत लांब जाऊन उभे राहायचे. आयुष्यभर ज्या जागेवर वाकले तिथून लांब जायचं, हेच आता त्यांचं काम होतं. पहिल्या दिवशी ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी लागलं. तिसऱ्या दिवशी छोटीने लांबूनच हात उंचावून नाचल्यासारखं केलं, डब्याने एक गळती कुणी न सांगता ओळखली होती, आणि डॉक्टर वीस पावलं विसरून धावत सुटले. तो आवाज पुन्हा घ्यावा लागला, कारण त्यात त्यांच्या धापा आल्या होत्या.

शनिवारी बंद गल्लीत मोठ्या मॅडम, खात्याचे आठ-दहा लोक आणि कुदळ-फावडी घेतलेले दोन खणणारे हजर होते. डॉक्टरांची बायको शिट्टी गळ्यात घालूनच आली होती. काठीवाल्यांनी घडीची खुर्ची आणि आपली काठी दोन्ही बरोबर आणली होती. काठी कशाला, असं विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. जावई कामाला लागला. हिरवा, हिरवा, हिरवा. नवव्या जागी लाल, आणि मॅडमनी हातातल्या कागदाकडे बघून मान डोलावली. पुन्हा हिरवे. सव्विसाव्या जागी लाल, आणि मॅडमनी पुन्हा मान डोलावली. खात्याने दोनच सांधे सैल केले होते, हे त्यांनीच सांगून टाकलं. छोटीच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

आणि तेहतिसाव्या जागी दोन्ही दिवे लागले.

छोटीने डबा उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा दोन्ही दिवे. मॅडम म्हणाल्या, की या जागी काही नाही, आमच्या माणसांनी कालच गल्ली तपासली आहे. म्हणजे यंत्र इथे चुकलं. त्या कठोर नव्हत्या, पण त्यांच्या हातात कागद होता आणि कागदावर लिहायला पेन उघडलेलं होतं. छोटी म्हणाली, की ते चुकलेलं नाही, ते फक्त माहीत नाही म्हणतंय. मग आता ते कुणाला विचारायचं, असं मॅडमनी विचारलं. छोटीने वडिलांकडे बघितलं.

डॉक्टर पुढे झाले. हेडफोन लावले, माइक टेकवला, डोळे मिटले. त्यांनी खूप वेळ ऐकलं. आपल्या रक्ताची घरघर ऐकू आली, लांबचा एक हातगाडा ऐकू आला, आणि त्यापलीकडे काहीच नाही. ‘आहे’ म्हणावं असं फार वाटलं. पोरीसाठी एकदा खोटं बोललं तर काय बिघडतं? पण या कामात ते कधी खोटं बोलले नव्हते, आणि तिने डब्याला ‘माहीत नाही’ म्हणायला शिकवलं होतं, ते कुणाकडे बघून, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

“मला ऐकू येत नाहीये,” ते म्हणाले. “वर्ष झालं, मला बारीक आवाज येत नाहीत. इथे असेलही. मी सांगू शकत नाही.”

चाळीस वर्षांचं नाव असं भर रस्त्यात खाली ठेवताना आपल्याला लाज वाटेल, असं त्यांना नेहमी वाटायचं. प्रत्यक्षात हलकं वाटलं. छोटी जवळ आली, तिने वडिलांच्या डोक्यावरून हेडफोन हळूच काढले आणि स्वतःच्या डोक्यावर चढवले. दोन वर्षं ती मागे रेकॉर्डर घेऊन चालली होती. तिला असं स्वतः ऐकताना डॉक्टरांनी कधी बघितलंच नव्हतं.

ती वाकली आणि तिने डोळे मिटले. डॉक्टर जमिनीकडे बघत नव्हते, डब्याकडेही नाही. बायकोने शिकवल्याप्रमाणे ते माणसाकडे बघत होते. छोटीचे खांदे वरखाली होत होते, सावकाश, सारखे. तिने माइक वीतभर डावीकडे सरकवला. खांदे वरखाली होत राहिले. आणखी वीतभर.

खांदे थांबले.

“खणा,” डॉक्टर म्हणाले.

मॅडम गोंधळल्या. ती तर अजून काही बोललीच नाही, असं त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी मान हलवली आणि खणणाऱ्यांना पुन्हा तेच सांगितलं, बरोबर त्या माइकखाली खणा. डॉक्टरांचा शब्द खणणाऱ्यांनी आजवर कधी तपासून बघितला नव्हता; त्यांनी कुदळी उचलल्या. वीतभर खाली माती कोरडी होती. हातभर खाली ती काळी झाली. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा गंजलेल्या एका जुन्या सांध्यातून दोऱ्याएवढी बारीक धार निघाली आणि वरच्या खणणाऱ्याच्या बरोबर डोळ्यात गेली. तो ओरडला, आणि मग सगळी गल्लीच ओरडली. मॅडमनी कधीपासून धरून ठेवलेला श्वास सोडला, पेन बंद केलं आणि विचारलं, की हा डबा खात्यात सोमवारपासून आणता येईल का, आणि तो जिथे अडेल तिथे या बाईसाहेब येतील का.

या बाईसाहेब चिखलात गुडघे टेकून हसत होत्या. डॉक्टरांना एवढा आनंद झाला होता की तो कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. ते बायकोचा हात धरून नुसते उभे राहिले. डबा खड्ड्याच्या कडेला विसरला गेला होता आणि एवढ्या गलक्यात बिचारा दोन्ही दिवे लावून बसला होता.

काठीवाल्यांना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. ते खुर्चीतून उठून, काठी टेकत खड्ड्यापाशी आले, पाण्याची धार बघितली आणि कुणी ऐकलं म्हणून मोठ्याने विचारलं. डॉक्टरांनी छोटीकडे बोट दाखवलं. काठीवाल्यांनी नातीकडे नीट बघून घेतलं. मग खाली वाकले आणि सगळ्या खात्यासमोर त्यांनी तिचं नाक चिमटीत धरलं.

छोटी हसत होती, त्यामुळे तिला तोंडाने श्वास घ्यावा लागला.